सायकलफेरीतील पाणी आणि खाणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हौसेने सायकल चालवणाऱ्यांकडून पाणी आणि खाणे यांविषयी जे प्रश्न पुनःपुन्हा येत राहतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे शर्यतीत उतरणाऱ्यांसाठी नसून, सुट्टीच्या दिवशी वीस, पन्नास किंवा फार तर शंभर किलोमीटर जाऊन धडधाकट आणि शक्यतो हसतमुखाने घरी परतू इच्छिणाऱ्यांसाठी आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल; एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मी रोज अर्धा-पाऊण तासच सायकल चालवतो. वाटेत काही खायला हवे का?

नाही. शरीरात कर्बोदकांचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात असतो : स्नायूंमध्ये साधारण ४०० ते ५०० ग्रॅम आणि यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास. नीट जेवणाऱ्या माणसाला हा साठा दीड ते दोन तासांच्या जोरकस सायकलिंगला पुरतो आणि रमतगमत चालवल्यास त्याहूनही जास्त वेळ टिकतो. पाऊण तासासाठी जेल (पाकिटातून पिळून खायचा दाट, गोड पदार्थ) किंवा गोड पेय घेणे म्हणजे भरलेल्या टाकीत आणखी इंधन ओतणे होय. पाण्याची बाटली मात्र सायकलला असू द्यावी, कारण चाक पंक्चर झाले की पाऊण तासाचा दीड तास सहज होतो.

२. मग खाणे किती लांबच्या राइडपासून सुरू करावे, आणि किती खावे?

हिशेब किलोमीटरचा नव्हे, वेळेचा ठेवावा. चाळीस किलोमीटर कोणी दीड तासात कापतो, तर कोणाला तीन तास लागतात. राइड दीड तासाच्या पुढे जाणार असेल, तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत. गप्पा मारता येतील अशा वेगाने जाणाऱ्याला ३० ग्रॅम पुरतात; चढाच्या किंवा वेगवान राइडला आकडा ६० कडे न्यावा. तासाला ९० ग्रॅमपर्यंतचे जे आकडे कानावर पडतात, ते अडीच-तीन तासांहून अधिक काळ जोर लावणाऱ्यांसाठी आहेत आणि त्यांना पोटाची वेगळी तयारी लागते (प्रश्न १२).

३० ग्रॅम म्हणजे प्रत्यक्षात किती? मध्यम आकाराचे एक केळे, किंवा मीठ लावून उकडलेले सुमारे दीडशे ग्रॅम बटाटे, किंवा जॅम लावलेल्या पावाचे दोन काप, ज्यात थोडे अधिकच मिळते. बाजारातील जेलच्या एका पाकिटात साधारण २० ते ३० ग्रॅम असतात. या कामात जेल बटाट्याहून श्रेष्ठ असते असे नाही. ते फक्त खिशात कमी जागा घेते.

पहिला घास भूक लागण्याची वाट न पाहता, निघाल्यापासून अर्ध्या ते पाऊण तासात घ्यावा आणि पुढे दर वीस मिनिटांनी थोडेथोडे खात राहावे. मी घड्याळात वीस मिनिटांचा गजर लावतो. सोबतच्यांना त्याचा कंटाळा येतो, पण गजर वाजला की त्यांचेही हात खिशाकडे जातात.

३. पाणी तासाला किती प्यावे? कोणी अर्धा लिटर सांगते, कोणी एक लिटर.

सांगणारे दोघेही आपापल्या घामाबद्दल खरे बोलत असतात. सायकल चालवताना तासाला अर्ध्या लिटरपासून दोन लिटरपर्यंत घाम जाऊ शकतो. त्यात वजन, वेग, ऊन, आर्द्रता आणि जन्मजात घडण या सर्वांचा वाटा असतो. त्यामुळे सर्वांना लागू पडेल असा आकडा नाही. काहीच माहीत नसेल, तर सौम्य हवेत तासाला एक छोटी बाटली, म्हणजे सुमारे ५०० मिलिलिटर पाणी, घोट-घोट घेऊन सुरुवात करावी आणि तहानेप्रमाणे ते कमी-जास्त करावे. नेमका अंदाज हवा असल्यास प्रश्न ४ मधील मोजणी एकदा तरी करून पाहावी.

सायकलस्वाराची एक खास फसगत येथे नोंदवायला हवी. धावणाऱ्याच्या अंगावरून घाम ओघळताना दिसतो, तर सायकलवर वारा तो जागीच सुकवतो, आणि घाम आलाच नाही असे वाटते. सिग्नलला दोन मिनिटे थांबल्यावर अंग एकाएकी निथळू लागते, ते याच कारणाने.

४. माझा घाम किती जातो हे घरच्या घरी कसे मोजावे?

निघण्यापूर्वी लघवीला जाऊन, कपड्यांशिवाय वजन करावे. परतल्यावर अंग कोरडे पुसून पुन्हा तसेच वजन करावे. वजनातील घट अधिक वाटेत प्यायलेले पाणी म्हणजे गेलेला घाम. एक किलो म्हणजे साधारण एक लिटर. मध्ये लघवी झाली असल्यास तिचा अंदाज वजा करावा.

उदाहरणार्थ, निघताना वजन ६८.४ किलो, परतल्यावर ६७.६ किलो, वाटेत प्यायलेले पाणी ५०० मिलिलिटर आणि राइड दीड तासाची. घट ०.८ आणि पाणी ०.५ मिळून १.३ लिटर घाम, म्हणजे तासाला सुमारे ८७० मिलिलिटर. आता हे सगळेच्या सगळे वाटेत भरून काढलेच पाहिजे असे नाही. शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्क्यांहून अधिक घट झाली की दमछाक जाणवू लागते. या उदाहरणात ती मर्यादा १.३७ किलो येते, म्हणजे या स्वाराने घेतलेले अर्धा लिटर पाणी त्या राइडला पुरेसे होते. हाच स्वार चार तास उन्हात निघाला, तर तोच अर्धा लिटर त्याला महागात पडेल. म्हणून ही मोजणी थंड आणि उष्ण अशा दोन्ही दिवशी करावी. परतल्यावर वजन वाढलेले दिसले, तर प्रश्न ६ लक्षपूर्वक वाचावा.

५. तहान लागली म्हणजे उशीर झालाच, हे खरे आहे का?

हा इशारा वाजवीपेक्षा फार पसरला आहे. रक्तातील क्षारांची तीव्रता एक-दोन टक्क्यांनी वाढताच मेंदू तहानेची जाणीव करून देतो, आणि दोन-तीन तासांच्या साध्या राइडमध्ये त्या जाणिवेवर निर्धास्तपणे विसंबता येते. अपवाद आहेत : वय झालेल्यांची तहान मंदावते, मुले खेळण्याच्या नादात ती विसरतात, थंडीत ती दबते (प्रश्न १५). शिवाय पुढचे पाणी तासाभराच्या अंतरावर असेल, तर तहान लागण्याची वाट पाहणे हा शुद्ध गाढवपणा ठरतो.

६. पाणी जास्त प्यायल्याने काही अपाय होतो का? पाणी तर चांगलेच असते ना?

होतो, आणि तो गंभीर असू शकतो. घामावाटे जाते त्याहून अधिक पाणी तासन्‌तास पोटात ओतत राहिल्यास रक्तातील सोडियम विरळ होते. सोडियमची पातळी लिटरला १३५ मिलिमोलच्या खाली गेल्यास तिला हायपोनेट्रेमिया म्हणतात. फार खाली गेल्यास मेंदूला सूज येऊन झटके येतात आणि मृत्यूही ओढवू शकतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवलेल्या ४८८ धावपटूंचे रक्त तपासले असता १३ टक्के जणांचे सोडियम या मर्यादेवर किंवा त्याखाली आढळले होते. त्यांच्यात वाटेत वजन वाढलेले आणि चार तासांहून अधिक वेळ घेणारे धावपटू प्रामुख्याने होते. म्हणजे धोका सर्वांत पुढे पळणाऱ्याला नव्हता. तो सावकाश जाणाऱ्या, प्रत्येक थांब्यावर पाणी पिणाऱ्या, सूचना प्रामाणिकपणे पाळणाऱ्या माणसाला होता. हौशी सायकलस्वाराचे वर्णन याहून वेगळे नाही.

पोट डबडबणे, मळमळ, डोकेदुखी, बोटे सुजून अंगठी घट्ट होणे ही सुरुवातीची चिन्हे आहेत. ती दिसल्यास पिणे थांबवावे. क्षारयुक्त पेय घेतले म्हणजे आपण सुरक्षित झालो असे समजू नये, कारण बहुतेक स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये रक्ताच्या मानाने सोडियम पुष्कळच कमी असते आणि तेही अती प्यायल्यास परिणाम तोच होतो.

७. साधे पाणी चालेल की इलेक्ट्रोलाइट (सोडियमसारखे क्षार) घ्यायलाच हवेत?

दोन तासांपर्यंत साधे पाणी चालते. गेलेले मीठ पुढच्या जेवणातून भरून निघते. त्याहून लांब आणि घाम काढणाऱ्या राइडमध्ये सोडियमचा विचार करावा. एक लिटर घामात ते २०० मिलिग्रॅमपासून जवळपास २,००० मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे व्यक्तीगणिक दहापट फरकाने आढळते. आपण खारट घामाचे आहोत का हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. राइडनंतर हेल्मेटचा काळा पट्टा उजेडात धरावा. त्यावर पांढरी, करकरीत रेघ उमटलेली असेल आणि घाम डोळ्यांत जाऊन चुरचुरत असेल, तर उत्तर मिळाले. अशांनी लांबच्या राइडला लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम ठेवावे. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम घामातून फार थोडे जातात; पाकिटावर ती नावे मोठ्या अक्षरांत असली, तरी त्यांसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. रक्तदाब असणाऱ्यांनी प्रश्न १६ पाहावा.

८. बाटलीत ओआरएस भरून नेले तर?

ओआरएस हे जुलाबातील जलशोषावरचे औषध आहे, सायकलचे इंधन नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर ओआरएसमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि सोडियम ७५ मिलिमोल, म्हणजे सुमारे १,७०० मिलिग्रॅम असते. मीठ भरपूर, पण साखर इतकी थोडी की अख्खा लिटर संपवूनही जेमतेम ५० किलोकॅलरी मिळतात. रणरणत्या उन्हातील लांब राइडमध्ये, खाणे वेगळे चालू ठेवून, ते जरूर प्यावे. पण ‘ओआरएस घेतले आहे, आता खायला नको’ हा समज बाळगणारा हमखास प्रश्न १० मध्ये जाऊन पोहोचतो. पाकीट मात्र त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच विरघळवावे. अर्ध्या पाण्यात केलेले दाट द्रावण पोट बिघडवते.

९. घरी स्पोर्ट्स ड्रिंक कसे करावे?

एक लिटर पाण्यात ६० ग्रॅम साखर, पाव चमचा (सुमारे दीड ग्रॅम) मीठ आणि चवीपुरता लिंबाचा रस. साखर वजनकाट्यावर मोजावी, कारण प्रत्येक घरातला चमचा वेगळा असतो. या पेयात ६ टक्के साखर आणि जवळपास ६०० मिलिग्रॅम सोडियम येते, जे विकतच्या पेयांच्या तोडीचे आहे. साधी साखर यासाठी दुय्यम नाही : पचनात तिचे निम्मे ग्लुकोज आणि निम्मे फ्रुक्टोज होते, आणि दोन्ही आतड्यातून वेगवेगळ्या वाटांनी शोषली जातात. प्रमाण ८ टक्क्यांच्या वर नेऊ नये, नाहीतर पेय पोटात रेंगाळते.

हे पेय त्याच दिवशी संपवावे आणि बाटली परतल्यावर लगेच धुवावी, तीही झाकण उघडून, तोटीतील रबरी पडदा काढून. ‘माझ्या बाटलीला वास येतो’ असे लिहिणाऱ्या बहुतेकांनी तो पडदा कधी काढलेलाच नसतो. त्याच्या मागे काळी बुरशी जमते आणि ती आपण घोटागणिक पीत असतो.

१०. लांबच्या राइडला अचानक सगळे त्राणच गेले. लोक याला ‘बाँक’ म्हणतात. हे काय असते आणि तेव्हा काय करावे?

स्नायूंतील ग्लायकोजेन सरत आले आणि यकृताचा साठाही संपत आला की रक्तातील साखर घसरते. मेंदू प्रामुख्याने त्याच साखरेवर चालतो, त्यामुळे पहिली चिन्हे पायांत नव्हे, तर स्वभावात दिसतात : चिडचिड, साधा हिशेब न जमणे, सगळे व्यर्थ वाटणे. नंतर हात थरथरतात, थंड घाम फुटतो आणि पेडल चिखलात फिरल्यासारखे जड होते.

हा अनुभव माझ्याही गाठीशी आहे. घाईत खाण्याचा डबा घरी ओट्यावरच राहिला होता, आणि ‘एक दिवस चालते’ म्हणून मी तसाच निघालो. सत्तराव्या किलोमीटरच्या सुमारास सोबत्याने ‘थांबू या का?’ असे विचारले, तर मला त्याचा राग आला. दहा मिनिटांनी मी रस्त्याच्या कडेला बसून हातमोज्याच्या पट्टीकडे पाहत होतो. ती कोणत्या बाजूने ओढायची हे काही केल्या सुचेना. सोबत्याने ती काढली, केळे सोलून हातात दिले आणि वरून गोड पेय पाजले.

उपायही तोच आहे. थांबावे, बसावे, ३० ते ४० ग्रॅम लवकर पचणारी साखर घ्यावी, पंधरा-वीस मिनिटे जाऊ द्यावीत, मग काही घन पदार्थ खाऊन सावकाश निघावे. डोके ताळ्यावर येण्यापूर्वी वाहनांच्या रस्त्यावर सायकल चालवू नये. मधुमेह असणाऱ्यांसाठी प्रश्न १६ वेगळा आहे.

११. पहाटे पाचला निघायचे असते, तेव्हा घशाखाली काही उतरत नाही. काय करावे?

वेळ असेल तर निघण्याच्या दोन-तीन तास आधी, शरीराच्या प्रत्येक किलोमागे एक ते दोन ग्रॅम कर्बोदके देणारा, कमी तेलाचा आणि कमी चोथ्याचा नाश्ता उत्तम. पहाटे ते शक्य नसते, आणि न जमल्याने फारसे बिघडतही नाही. आदल्या रात्रीच्या जेवणाने स्नायूंचा साठा भरलेला असतो. झोपेत खर्च होतो तो मुख्यतः यकृताचा. तो भरायला अर्धे केळे किंवा पावाचा एक काप पुरतो, आणि पुढे अर्ध्या तासातच खाणे सुरू करावे. काहींना निघण्यापूर्वी पाऊण तास गोड खाल्ल्यास सुरुवातीला गळून गेल्यासारखे वाटते. त्यांनी तेच गोड सायकलवर बसताना खावे.

१२. जेल घेतले की मळमळते. माझे पोटच नाजूक आहे का?

बहुधा पोट नव्हे, पद्धत चुकते आहे. जोर लावताना रक्त स्नायूंकडे वळते आणि पोटाला कमी पडते. त्यातच दाट जेल पाण्याविना, किंवा त्याहून वाईट म्हणजे गोड पेयाबरोबर घेतले, तर ते पातळ करण्यासाठी शरीर आतड्यात पाणी ओढते आणि ढवळू लागते. जेलवर साधे पाणीच प्यावे. चढावर काही खाऊ नये. सपाटीला, श्वास खाली बसल्यावर खावे. तेलकट आणि चोथायुक्त पदार्थ परतल्यानंतरसाठी राखावेत.

आतड्याला सवय लावता येते. काही आठवडे दर राइडला थोडेथोडे वाढवत गेल्यास तेच पोट अधिक सोसते. केवळ ग्लुकोज तासाला ६० ग्रॅमपेक्षा फारसे शोषले जात नाही. त्यापुढे जायचे तर फ्रुक्टोजची जोड लागते. मोठ्या राइडच्या दिवशी मात्र नवे काहीही पहिल्यांदा खाऊ नये.

१३. उपाशीपोटी चालवल्यास चरबी जास्त जळते ना? मला वजन कमी करायचे आहे.

त्या तासापुरती जास्त जळते. वजन ठरते ते दिवसाच्या आणि आठवड्याच्या एकूण हिशेबावर. तासाभराची हलकी राइड उपाशीपोटी करायला निरोगी माणसाला हरकत नाही. तीन तासांच्या राइडला उपाशी राहणारा मात्र घरी येऊन वाचवलेल्याच्या दुप्पट खातो, हे मी इतक्यांदा पाहिले आहे की त्यावर वाद घालत नाही. काटकसर करायची असेल, तर ती राइड नसलेल्या वेळी करावी. पॉवर मीटर (पेडलवर होणारे काम मोजणारे उपकरण) असल्यास खर्चाचा हिशेब सोपा आहे : शरीराची कार्यक्षमता २० ते २५ टक्के असल्यामुळे पेडलवर केलेले ५०० किलोज्यूल काम म्हणजे जवळपास ५०० किलोकॅलरी खर्च. केवळ मनगटावरील घड्याळाच्या आकड्यावर जेवण बेतू नये.

१४. पायांत गोळे येतात ते मीठ कमी पडल्याने, की मॅग्नेशियम?

बहुतेक वेळा दोन्ही नाही. सवयीपेक्षा जास्त लांब किंवा जोरात चालवल्याने स्नायू थकलेले असतात. थांबून तो स्नायू ताणावा आणि हलक्या गिअरवर निघावे. खारट घामाच्या माणसाने (प्रश्न ७) मीठ वाढवून पाहायला हरकत नाही.

१५. थंडीत तहानच लागत नाही, आणि घरातल्या ट्रेनरवर (सायकल जागीच चालवण्याच्या स्टँडवर) घामाचे तळे साचते. दोन्हीकडे नियम एकच का?

नियम एकच, फसगत उलटी. थंडीत तहान दबते, लघवी वाढते, श्वासागणिक वाफ जाते; म्हणून दर अर्ध्या तासाला आठवणीने दोन घोट घ्यावेत, बाटलीत कोमट पाणी भरावे. ट्रेनरवर वारा नसल्याने घाम सुकत नाही आणि अंग थंड होत नाही. तेथे जास्त पाण्याआधी मोठा पंखा लावावा.

१६. मला मधुमेह (किंवा रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार) आहे. वरील आकडे मला लागू होतात का?

जसेच्या तसे नाहीत. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी औषधे घेणाऱ्यांनी राइडपूर्वी, मध्ये आणि नंतर साखर तपासावी, डोस आणि खाणे यांचा मेळ आपल्या डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्यावा, आणि सोबत्याला कल्पना देऊन ठेवावी. साखर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली गेल्यास लगेच थांबून १५ ग्रॅम जलद साखर घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. लांब राइडनंतर साखर त्या रात्री झोपेतही उतरू शकते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, तसेच लघवी वाढवणारी औषधे घेणाऱ्यांनी, मीठ आणि पाणी दोन्हींचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच बदलावे.

१७. परतल्यावर काय?

रोजचे जेवण वेळेवर घेणे बहुतेकांना पुरते. त्यात २० ते २५ ग्रॅम प्रथिने असावीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा लांब जायचे असल्यास घटलेल्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड लिटर द्रव, काही तासांत विभागून, खारट पदार्थांसोबत घ्यावा. लघवी गडद पिवळी असल्यास पाणी कमी पडले आहे, परंतु जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनीही रंग बदलतो. ती काळपट तपकिरी असेल आणि स्नायू विलक्षण दुखत असतील, तर पाणी पीत घरी थांबू नये. ते स्नायूंच्या ऱ्हासाचे लक्षण असू शकते आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

१८. सोबतचा माणूस उन्हात असंबद्ध बोलू लागला. त्याला पाणी पाजायचे की नाही?

मळमळ, डोकेदुखी आणि गोंधळ ही लक्षणे उष्माघातात दिसतात, तशीच प्रश्न ६ मधील हायपोनेट्रेमियातही, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला घातक ठरू शकतो. रस्त्यावर खात्री करण्याचे साधन नसते, पण खुणा असतात. अंग तापलेले, बाटली तासापूर्वीच रिकामी झालेली आणि ऊन कडक असल्यास संशय उष्माघाताचा घ्यावा, ज्यात शरीराच्या आतील तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. अंग फारसे तापलेले नाही, पोट तट्ट फुगलेले, बोटे सुजलेली आणि माणूस सकाळपासून बाटल्यांवर बाटल्या पीत आलेला असेल, तर पाणी देऊ नये. मधुमेही असेल, तर साखर उतरल्याची शक्यता आधी पाहावी.

तिन्ही प्रसंगी पहिले काम तातडीची वैद्यकीय मदत बोलावण्याचे. माणूस शुद्धीवर नसेल किंवा त्याला धड गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालू नये. अंग तापलेले असल्यास मदतीची वाट पाहत बसू नये : सावलीत न्यावे, हेल्मेट आणि जर्सी काढावी, मिळेल तितके पाणी अंगावर ओतावे आणि वारा घालत राहावे. अशा वेळी बाटल्यांतील पाण्याचा उपयोग पिण्यासाठी नाही, अंगावर ओतण्यासाठीच करावा.